मागच्या महिन्याची पावती

पुठ्ठ्याच्या धुळीत पावलं उमटतात. पंखा लावला की पुसली जातात.

ठेकेदाराच्या फोनला त्याच्या नातीच्या हसण्याची रिंगटोन आहे.

फाटकाशी निळा फलक: जबाबदार अधिकारी. खाली एका बाईचं नाव.

खोकी भरणाऱ्या मावशींचा डावा डोळा दुधासारखा झालाय.

"जेलमध्ये डबा दुपारी आणू की संध्याकाळी?" मुलीला भरवता भरवता नवऱ्याने विचारलं. विनोद होता. ती हसलीही. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

यांतल्या कशाचाच कशाशी संबंध नाही, असं ती मागच्या सोमवारपर्यंत म्हणाली असती.

ती म्हणजे फलकावरची बाई. खोक्यांच्या कारखान्यातली कामगार अधिकारी. सोमवारी मावशी तिच्या टेबलाशी आल्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढायचे होते.

"लेक म्हणतो, खात्यात पाच महिने कोरे आहेत. पगारातून तर कापतात ना हो?"

"कापतात."

"मग जातात कुठं?"

कापतो ठेकेदार. मावशी त्याच्या माणसांतल्या, पण राबतात या छपराखाली. ठेकेदाराने वेळेवर भरलं नाही, तर जाब कारखान्याला. दंडही कारखान्यालाच; खटला झाला तर मात्र फलकावरच्या नावावर. म्हणून तर नियम होता, की फंडाची पावती जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पास करायचं नाही.

आता गंमत बघा. पावती हवी तर आधी पैसे भरायला हवेत. ठेकेदाराकडे पैसे येणार बिल पास झाल्यावर. त्यावर कारखान्यात एक तोड निघाली होती, तिच्याही आधीपासूनची: या महिन्याच्या बिलाला मागच्या महिन्याची पावती. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. मग मागच्याची त्याच्या मागची झाली, त्याच्या मागची आणखी मागची. तिने दोनदा मोठ्या साहेबांना सांगितलं. "चालू द्या," ते म्हणाले.

मावशींच्या लेकाने तक्रार केली. आज तपासनीस येणार होते.

सकाळी तिने ठेकेदाराला फोन लावला.

"ताई, कालच सगळं भरलं. नातीची शपथ."

"उशिरा भरलंत."

"उशीर झाला, चोरी नाही झाली. माझी बिलं तुमच्याकडे महिना महिना झोपतात, त्याला कोण दंड लावतो?"

तिने फोन ठेवला.

मग मोठ्या साहेबांचा फोन आला. ते परगावी होते. अशा दिवशी ते नेहमीच परगावी असत.

"सांगायचं, आम्हाला कल्पना नव्हती. ठेकेदाराने अंधारात ठेवलं."

"पण सर, मी तुम्हाला..."

"आणि कल्पना होती असं निघालंच," साहेब शांतपणे म्हणाले, "तर ती तुम्हाला होती. कारखान्याला नाही."

फोन संपल्यावर तिने पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. फाटक करकरलं, तशी ती खिडकीशी गेली. पाण्याचा टँकर. पुन्हा करकरलं. पुठ्ठ्याचा ट्रक. तिसऱ्यांदा करकरलं तेव्हा ती खिडकीशी गेलीच नाही.

तपासनीस बारीक, सर्दी झालेले गृहस्थ होते. त्यांनी रुमालात नाक शिंकरलं, पावत्या चाळल्या.

"भरलंय, ते दिसतंय. मी उशिराचं विचारतोय. तुम्हाला माहीत होतं?"

 कल्पना नव्हती. दोनच शब्द. म्हटले की ठेकेदार अडकणार, आणि तिची नोकरी राहणार. बहुतेक.

दारात मावशी उभ्या होत्या. एका डोळ्याने बघायचं म्हणून मान थोडी तिरकी.

"जरा थांबा ना मावशी," ती म्हणाली.

"थांबलेच आहे की. पाच महिने."

तपासनीस म्हणाले, "बाई, माहीत असो नसो, दंड कारखान्यालाच. मला फक्त सुनावणीला कुणाला बोलवायचं, ते नाव हवंय."

"माहीत होतं," ती म्हणाली.  "दर महिन्याला. मला, आणि मोठ्या साहेबांना."

"त्यांचं नाव?"

तिने सांगितलं. कारखान्यात ते नाव कुणी उच्चारत नसे. टेबलावरचा फोन ऐकत असल्यासारखी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"फलकावर तर तुमचं आहे," तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही नावं लिहिली. तिचं आधी.

फोन वाजू लागला. मोठे साहेब. तिने तो उपडा ठेवला. तो टेबलावर थरथरत कडेकडे सरकत राहिला, आणि तिच्याने त्याला हात लाववेना.

फलकावर तिचं नाव रंगवलं तेव्हा ती बाळंतपणाच्या रजेवर होती.