मदत निघाली आहे

"अरे, ते वाक्य मी नुसतं जागा भरायला टाकलं होतं!" डिझायनरचा आवाज चिरकला.

"मग तसं सांगायचं ना. तू चित्र दिलंस, मी चित्राबरहुकूम बांधलं," प्रोग्रामर म्हणाला.

आणि दोघांनी एकदमच तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं चाळणी बसली होती. दुसऱ्यांच्या कामातले खडे वेचून काढते म्हणून टीमने तिला दिलेलं हे नाव, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराही होता. आज मात्र एक खडा तिच्याही हातून सुटला होता.

अ‍ॅप होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. टॅबवरचं लाल बटण दाबलं की मदत केंद्राला निरोप जायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची, 'मदत निघाली आहे'. आज सकाळपासून एकही निरोप केंद्रात पोचला नव्हता, आणि हे कळलं आत्ता, दुपारी. अक्षरं मात्र इमानेइतबारे उमटत होती. निरोप पोचला की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बटण दाबलं, पुरे. चाळणीने डिझायनरचं चित्र आणि टॅबचा पडदा शेजारी ठेवून रंग, आकार, सगळं ताडून पाहिलं होतं. वाक्य खरं आहे का, हे बघणं मात्र तिघांनाही दुसऱ्याचं काम वाटलं.

चाचणीसाठी अ‍ॅप मोजक्या घरांत दिलं होतं. त्यातलं एक घर तिच्या मावशीचं. आई गेल्यावर मावशीनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं.

चाळणीने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मावशी कधी एवढा वेळ वाजू देत नसे.

"आधी दुरुस्ती करा," मॅनेजर म्हणाले. "फोन करून उगाच घबराट नको."

"साहेब, घबराट इथं झालीच आहे," प्रोग्रामर म्हणाला आणि त्याने पहिल्या घराचा नंबर लावला. डिझायनरने चाळणीची पर्स तिच्या हातात कोंबली. "तू पळ गं!"

मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. चाळणी धावत सुटली. मावशी बाजारात गेली असेल, डुलकी लागली असेल, असं स्वतःला बजावत ती जिने चढली. दार उघडं होतं. दिवसाढवळ्याही दोन कड्या लावणारी बाई ती.

मावशी दाराच्या आत भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. एक पाय नको तिकडे वळलेला. केस मात्र हातानेच नीट सारखे केलेले.

"तू कशी आलीस? ऑफिस नाही?"

"मावशी! कधी पडलीस?"

"सकाळी, दूध तापवताना. टॅब हाताशीच होता, बटण दाबलं हो मी लगेच. मग म्हटलं, त्या लोकांना दार फोडायला लागू नये. सरकत सरकत आले नि कड्या काढून ठेवल्या. फोन राहिला तिकडे ओट्यावर. तुझा असणार, माहीत होतं, पण हात पोचेना."

चाळणी दवाखान्याच्या गाडीला फोन लावत होती. तिने पत्ता सांगितला. फोन ठेवल्यावर ती जवळजवळ ओरडलीच, "मग शेजारणीला हाक का नाही मारलीस?"

"मारणारच होते गं. पण बिचारी रात्रपाळी करून येते. मदत निघालीय म्हटल्यावर तिची झोपमोड कशाला? येतील, वाटेत अडकले असतील, म्हटलं."

आता मात्र चाळणीला रडू फुटलं. "कुणी निघालंच नव्हतं गं, मावशी."

एखाद्या लहान मुलासारखी मावशी गोंधळली.

"असं कसं? लिहून आलं होतं ना!"

मावशीचा हात बर्फासारखा गार लागत होता. शेवटी चाळणी उठली, बाहेर येऊन उभी राहिली आणि तिने शेजारणीला हाक मारली.

हाक पुरी व्हायच्या आत समोरचं दार उघडलं. शेजारीण विस्कटलेल्या केसांनी, अनवाणीच धावत आली.