एका माणसाची एकच फाइल

अर्धवट फाइल पाहिली की रामहरींचं डोकं फिरायचं. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेली. कागद आला की त्याचा वर्ग ठरवायचा. ‘अ’ म्हणजे कायम जपायचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ पाच, आणि ‘ड’ म्हणजे वर्षभरानं जाळून टाकायचा. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. शुक्रवार पेठेतल्या घरी बायकोच्या दुखण्याखुपण्याचा एकूण एक कागद त्यांनी लाल फडक्यात बांधून ठेवलेला, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं ‘अ’. वच्छलाबाई हसायच्या. म्हणायच्या, “अहो, माझं पडसंसुद्धा कायम जपायचं का?”

आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. सहा महिने खोकला हटेना म्हणून छातीचा स्कॅन काढला, तर उजव्या फुप्फुसात सुपारीएवढा डाग. इथल्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच रामहरी काय ते समजले. पुण्याला एक मोठे डॉक्टर होते. महिन्यातून एका शनिवारी ते आलेली कागदपत्रं बघून ऑपरेशन होईल की वेळ टळून गेली ते सांगायचे. कागद मात्र आदल्या दिवशी, शुक्रवारी पाचच्या आत ईमेलनं पोचायला हवेत, नाहीतर थेट पुढच्या महिन्यात. आणि वच्छलाबाईंजवळ महिना होता की नाही, कोण सांगणार?

गुरुवारी सकाळी रामहरी अख्खा गठ्ठा काखोटीला मारून भवानी पेठेत उत्कर्षाच्या झेरॉक्सच्या दुकानात हजर. दोनशे बारा पानं! उत्कर्षानं वरची चार चाळली आणि कपाळाला हात लावला.

“काका, डाग छातीत आहे ना? मग ही डोळ्याची, भाजल्याची, बाळंतपणाची कागदं कशाला?”

“फाइल पूर्ण पाहिजे. एक कागद काढला की फाइल खोटी.”

 तिनं सगळं स्कॅन केलं. फाइल झाली शहाण्णव एमबीची, आणि पुण्याचा ईमेल घेणार फक्त वीस. नाकापेक्षा मोती जड.

“कॉम्प्रेस करू,” उत्कर्षा म्हणाली. “पानं सगळी राहतात, काका. डोळ्याला कळणार नाही असं बारीकसारीक तेवढं टाकलं जातं.”

“काय टाकायचं ते ठरवतं कोण?”

“ते आपलं आपण ठरवतं की.”

रामहरींना ते अजिबात रुचलं नाही. बत्तीस वर्षं जे त्यांनी ठरवलं, ते आता यंत्र ठरवणार. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. उत्कर्षानं बटण दाबलं आणि फाइल साठवर आली. “आता जुनी काढून टाक,” रामहरी म्हणाले. ती म्हणाली, “राहू दे की काका, असलेली बरी.” पण हे कसले ऐकतायत! “एका माणसाच्या दोन फाइली रेकॉर्डला चालत नाहीत. घोटाळे होतात.” तिनं काढून टाकली. तेवढ्यात लाइट गेली, ती काही येईना. उरलेलं काम उद्यावर गेलं.

घरी आले तर वच्छलाबाई शेंगाचटणी कुटत बसलेल्या. लाल तिखटाचा खाट घरभर, रामहरींना दारातच ठसका लागला. वच्छलाबाई मात्र कुटतायत आपल्या, साधं खाकरणं नाही! रामहरी जवळ जाऊन बसले आणि त्यांची नजर बायकोच्या मनगटावर गेली. अठरा वर्षांपूर्वी दिवाळीत चकल्यांचं तेल उडून भाजलेलं, त्याचा रुपयाएवढा डाग होता तिथं. आता तिथं नितळ कातडी होती.

“अगं, तो तेलाचा डाग कुठं गेला?”

“कसलं तेल? मला कधी भाजलं?” वच्छलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “उन्हातनं आलात. गूळपाणी घ्या आधी.”

रामहरींनी आतल्या खोलीत जाऊन गठ्ठा सोडला. भाजल्याचा कागद होता त्याच जागी होता. दोन टाचण्यांची भोकं होती, कोपऱ्यात त्यांच्या हातचा लाल ‘अ’ होता. बाकी कागद पांढराफटक.  त्यांनी स्कॅनची फिल्म काढून खिडकीकडे धरली. सुपारीएवढा डाग वाटाण्याएवढा झाला होता.

भ्यायले का? भ्यायले तर. हजारो कागद जाळले होते त्यांनी, पण कागदाबरोबर माणसातलं काही जाताना कधी बघितलं नव्हतं. पण खोटं कशाला बोला, भीतीच्या खाली त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या रात्री कित्येक महिन्यांनी वच्छलाबाई न खोकता झोपल्या आणि रामहरी त्यांचा सरळ चाललेला श्वास ऐकत पडले.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच हे पायरीवर! दुसऱ्यांदा दाबल्यावर फाइल एकतीसवर आली. “अजून अकरा कमी व्हायला पाहिजेत, काका. जेवून या, तोवर माझं गिऱ्हाईक उरकते.” निघताना रामहरींनी बजावून जुनी फाइल काढून टाकायला लावली.

घरी वच्छलाबाई दोन जिने चढून गच्चीवर धुणं वाळत घालून आलेल्या. चष्मा फडताळात पडला होता आणि बाई चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचत होत्या. रामहरींना वाटलं, देव पावला. तेवढ्यात त्या उठल्या, देवघरातल्या परडीतलं मोगऱ्याचं फूल घेतलं आणि खोलीच्या मधोमध थबकल्या.

“अहो, हे फूल घेऊन मी कुठं निघाले होते?”

 समोर भिंतीवर अथर्वचा फोटो होता. त्यांचा एकुलता एक मुलगा, सहा वर्षांचा असताना तापानं गेला. त्याला चोवीस वर्षं झाली, पण फोटोला फूल वाहिल्याशिवाय वच्छलाबाईंनी घास तोंडात घातला नव्हता. तापानं फणफणल्या तरी भिंत धरत धरत यायच्या.

“अथर्वला,” रामहरी कसंबसं म्हणाले.

“हां हां, अथर्व.” त्यांनी फूल वाहिलं. मग फोटोकडे जरा वेळ बघितलं, लग्नकार्यात लांबच्या नातलगाच्या पोराकडे बघतात तसं. “गोड होता नाही?” असं म्हणून पानं वाढायला गेल्या.

रामहरी पानावरून तसेच उठले. गठ्ठ्यात बाळंतपणाचा कागद त्यांनी शोधून काढला. अक्षरं उडत चालली होती. ‘पुरुष जातीचे बालक’ एवढं कसंबसं लागत होतं, वजनाचा आकडा गेला होता. फिल्मवर फुप्फुसातला डाग मोहरीएवढा उरला होता.

सव्वाचारला ते दुकानात पोचले. उत्कर्षा खुशीत होती. “काका, मला मघाशी सुचलंच नाही बघा! आता दाबायची गरजच नाही. याच फाइलचे दोन तुकडे करून दोन ईमेल पाठवते. आहे ते सगळं डॉक्टरांना दिसेल.”

तर सुटकेची वाट अशी समोर आली होती. दोन ईमेल गेले असते, मोहरी राहिली असती आणि अथर्वही राहिला असता. रामहरींनी पडद्यावर दोन्ही पानं मोठी करून मागितली. मोहरीएवढा डाग, त्या पानाच्या कोपऱ्यात ‘अ’. पुसट बाळंतपण, त्याच्याही कोपऱ्यात ‘अ’. मोहरी कितीशी? पण आठ महिन्यांपूर्वी ती सुपारीही मोहरीच असणार. घरी ती वाढत राहील, एक दिवस पुन्हा तो खोकला येईल, उशीला रक्त लागेल, आणि मग फोटोला फूल वाहायला बाईच राहणार नाही. घड्याळात साडेचार झाले. उत्कर्षा वाट बघत होती.

“दाब,” रामहरी म्हणाले.

“अहो काका, कशाला? अक्षरंसुद्धा जातील आता.”

“जाऊ देत.”

“बरं, पण ही आधीची तरी ठेवू ना?”

 “एका माणसाची एकच फाइल,” ते म्हणाले.

फाइल नऊ एमबीची झाली आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना गेली. घरी जाऊन वच्छलाबाईंनी काही विचारायच्या आत रामहरींनी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि कपाटामागं सरकवला. शनिवारी संध्याकाळी पुण्याहून उत्तर आलं की फुप्फुस स्वच्छ आहे, ऑपरेशनची गरज नाही.

रविवारी सकाळी दारात बोहारीण आली. फुलाबाई मंद्रूपची, या गल्लीत गेल्या पाडव्यापासून येणारी. वच्छलाबाईंनी हौसेनं ट्रंक उपसली. जुनी लुगडी, रामहरींची दोन धोतरं, असा ढीग टाकून त्या स्टीलच्या पातेल्यासाठी घासाघीस करायला लागल्या. आवाज असा खणखणीत की समोरच्या घरातली माणसं डोकावली. रामहरी झोपाळ्यावर बसून ते ऐकत होते. ऐकताना त्यांना खरोखर सुख होत होतं.

फुलाबाईनं ढिगातून एक निळा सदरा उचलून झटकला. वीतभर बाह्यांचा, खिशावर विमान शिवलेला. “ह्यो ल्हान पोराचा हाय की, बाई. लई जपून ठेवलाय. पोरगं कुटं असतंय आता?”

“आम्हाला कुठलं पोर, फुलाबाई?” वच्छलाबाई हसून म्हणाल्या. “देवानं दिलंच नाही. कुणाचा राहिलाय कुणास ठाऊक. घे तोही.”

रामहरी उठले. दारापर्यंत आले. “तो राहू दे,” ते म्हणाले. “चष्मा पुसायला होईल मला.”

“अगं बाई, एवढ्याशा चष्म्याला अख्खा सदरा?” वच्छलाबाई पोट धरून हसल्या, न खोकता, अगदी मोकळ्या. सदरा त्यांच्या अंगावर टाकून त्या पुन्हा पातेल्याकडे वळल्या. रामहरींनी चष्मा काढला आणि बोहारीण गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत पुसत बसले.