दोन वळ्या, तीन वळ्या

“ह्या मांडयेर दोन वळये, त्या मांडयेर तीन. दाक्तराक दाखय गो बाय,” राधाबाई म्हणाल्या तेव्हा माझी विमला अडीच महिन्यांची होती.

राधाबाई आमच्या तोंडवलीत तान्ह्या बाळांना न्हाऊ घालतात. तेल लावून झालं की उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला जुळवतात, मग मांड्या हलकेच उघडतात. विमलाची डावी मांडी अडायची.

एरवी नुसती शिंक आली तरी मी तीनदा कपाळाला हात लावून बघणारी. पण कॉलेजात गणित शिकले होते ना! हसले आणि म्हटलं, “राधाबाई, दोन्ही बाजू अगदी सारख्या फक्त वहीत असतात. लेप मासा बघा, दोन्ही डोळे एकाच अंगाला!”

“लेप पवता, बाय. तुज्या चेडवाक चलाचा आसा.”

पंधराव्या महिन्यात विमला पहिल्यांदा भिंत सोडून चालली. सासूबाईंनी अंगण नुकतंच सारवलं होतं. “चलली गो, आमची लक्षुमी चलली!” त्या ओरडल्या. मी टाळ्या वाजवता वाजवता खाली बघितलं. ओल्या सारवणात उजवं पाऊल टाचेसकट आख्खं. डाव्याची नुसती बोटं. पुन्हा उजवं आख्खं, पुन्हा नुसती बोटं. माझे हात हवेतच राहिले.

डॉक्टरांनी तिला उताणं निजवून पाय दुमडले, गुडघे शेजारी शेजारी धरले. डावा खाली होता. एवढा खाली! मला रोज कसा दिसला नाही?

“खुब्याचं हाड जन्मापासून खोबणीबाहेर आहे. तिसऱ्या महिन्यात आणली असतीत तर मांड्यांमध्ये उशी बांधून भागलं असतं.”

“आणि आता?”

“आता प्लास्टर. तरी लंगडणार नाही, असं आज सांगता येत नाही.”

कमरेपासून घोट्यांपर्यंत प्लास्टर आहे. राधाबाई रोज येतात, विमलाचे हात तेवढे तेलाने चोळतात. अजून एका शब्दाने बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल, तर आज न्हाऊ घालण्याआधी त्याला पालथं घाला, मांड्यांच्या वळ्या बघा. मग उताणं करून दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का तेही बघा. आजच बघा.