हॉलमधली भरली गाडी

गोदावरीबाईंनी नव्या घराला आठ दिवस दिले होते. आठवा दिवस शनिवारी उजाडला, आणि घर अजून पास झालं नव्हतं.

शाळा दुसरीपर्यंतच झाली असली, तरी पास-नापास करण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. सून, जावई, दूधवाला, देवळातला पुजारी, सगळ्यांना त्यांनी मार्क दिले होते आणि पैकीच्या पैकी कोणालाच नाही. नवा रायपुरातल्या या चौथ्या माळ्यावरच्या घराला तर पस्तीसही पडत नव्हते. रस्ता एवढा रुंद, की पलीकडच्या बाईशी भांडायचं म्हटलं तर चिठ्ठी पाठवावी लागेल. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंतच नाही. फोडणी इथे आणि ठसका सोफ्यावर. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे इथे काही वाजतच नव्हतं. कानात कोणी कापूस कोंबून ठेवल्यासारखे आठ दिवस गेले होते. त्यांना झोप लागत नव्हती, वेळ कळत नव्हती. दुपारचे तीन आणि संध्याकाळचे पाच यांचं तोंड इथे सारखंच.

गुढियारीच्या जुन्या घराची किल्ली त्यांच्या पदराच्या टोकाला बांधलेली होती. तिथे भाडेकरू ठरला होता, पंधरा दिवसांपासून किल्ली मागत होता. पण गोदावरीबाईंनी गाठ सोडली नव्हती. "आठ दिवस पाहते," त्या मुलाला म्हणाल्या होत्या. "नाही जमलं तं रविवारी सकाळी मले गुढियारीले सोडून दे. रडायचं नाही अन् मनवायचं नाही." त्यांची पिशवी दारामागे भरलेली होती.

मुलगा रत्नाकर मंत्रालयात नोकरीला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण आज सकाळपासून हॉलमधल्या खोक्यांभोवती असा फिरत होता, जसे तान्ह्या पोळ्याला पोट्टे लाकडी बैलाभोवती फिरतात.

"पाच स्पीकर अन् एक वूफर आहे, आई. सिनेमात पाऊस पडला तं डोक्यावर पडल्यासारखा वाटते."

"बाप्पा! मंग छत कशाले बांधलं?"

नात देवयानी हसली. ही पोट्टी मराठी सगळी समजायची आणि उत्तर हिंदीतच द्यायची. "आजी, आप भी देखना. मज़ा आएगा."

"मज्जा तुमची तुम्ही पाहा. मी उद्या चालली."

रत्नाकरने मान खाली घातली आणि खोक्याची पट्टी कापू लागला.

दुपारी शंकर नगरच्या दुकानातून अच्युत आला, हे सगळं बसवून द्यायला. केस पिकायला लागलेला, बोलायला मऊ. चपला दाराबाहेर काढल्या, त्याचे दोन मार्क. "मावशी, आम्ही इथल्याच मराठी वस्तीतले, तात्यापाऱ्याचे. आजोबा अमरावतीहून आलते," म्हणाला, त्याचे आणखी दोन. मग त्याने टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन उंच स्पीकर उभे केले, खाली एक आडवा ठेवला, दोन सोफ्याच्या मागे भिंतीला लावले. शेवटी हंड्याएवढं एक काळं खोकं उचलून खांबाजवळच्या कोपऱ्यात ठेवलं.

"याले तोंड कुठं आहे?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"खाली आहे, मावशी. हा वूफर. जमिनीकडे पाहून बोलते."

"खाली मान घालून बोलणारा या घरात हाच पहिला," म्हणत त्यांनी त्याच्या डोक्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं.

त्या खांबालाच त्यांची भांड्यांची मांडणी टेकलेली होती. नव्या स्वयंपाकघरात सगळी भांडी कप्प्यांत लपवायची सोय होती, आणि रत्नाकरने आठ दिवसांत आठ वेळा म्हटलं होतं, की आई, ही मांडणी आतल्या खोलीत नेऊ, हॉलची शोभा जाते. आठही वेळा त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं होतं. ताटं, वाट्या, झाकण्या, पळ्या, आणि सगळ्यांत वर त्यांच्या लग्नातला पितळी गंज. लग्नकार्याचा भात शिजेल एवढं पातेलं.

"आता दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही," अच्युत म्हणाला. सोफ्याच्या मधोमध त्याने तिपाईवर एक छोटा माइक उभा केला. "यंत्र एकेक आवाज काढते, माइक ऐकते, अन् कोणता स्पीकर किती बोलला पाहिजे ते ठरवते. पंखाही बंद करा, भैया. मावशी, तुम्हीसुद्धा..."

"हव, कळलं. मले गप्प बसवणारा अजून जन्माले यायचा होता, तो आज आला."

पण बसल्या. ओट्याजवळच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. पंखा थांबला. चैत्राचं ऊन खिडकीतून येऊन फरशीवर पसरलं होतं, त्यात धूळ सावकाश चढत होती, उतरत होती. आधी टीव्हीपाशी एक बारीक आवाज उठला, पाण्यात खडा पडावा तसा. मग तो सोफ्याच्या मागे गेला. मग खिडकीकडे. कोणीतरी अनवाणी पायांनी हॉलभर फिरतंय आणि जिथे थांबतं तिथे सुस्कारा टाकतंय, असं वाटायला लागलं. गोदावरीबाईंच्या पापण्या जड झाल्या. आठ दिवसांची राहिलेली झोप पायांकडून वर चढत आली.

आणि मग गंज घुमला.

आधी तळव्यांना कळलं, मग कानांना. खोल, सावकाश, जमिनीच्या पोटातून आल्यासारखं. गंजाने सूर धरला, ताटं एकमेकींना कुजबुजली.

भरली गाडी.

गुढियारीत घरामागून रिकामी मालगाडी गेली तर नुसत्या झाकण्या बडबडायच्या. सवारी गाडीला चमचे पुरायचे. पण कोळसा भरलेली आली की गंजाशिवाय दुसऱ्या कोणाला तिचं वजन पेलायचं नाही. गुढियारीच्या बाया ताटांमध्ये चिंध्या घालून ठेवत, आवाज नको म्हणून. गोदावरीबाईंनी चिंधी घातली नाही. त्यांचे यजमान श्यामराव मालगाडीचे गार्ड. त्यांची गाडी घरामागून यार्डात शिरली की गंज सांगायचा, आणि आधण चढायचं. चार वेळा दुसऱ्याच कोणाची गाडी निघायची आणि तो चहा स्वतःच प्यावा लागायचा. पाचव्या वेळी फाटकाशी सायकल लागायची.

त्या उठल्या. गॅस पेटवला. आधण ठेवलं, आलं ठेचलं, गुळाचा खडा टाकला. खिडकीबाहेर रुंद रस्ता होता, पण त्यांना दिसत होती कडुनिंबाची सावली आणि वाळत घातलेला गार्डाचा पांढरा कोट. गंज घुमतच होता. गाडी लांब होती. चहा मुरला, तसा त्यांनी पितळी पेला काढला, पदराने पुसला, गाळून भरला, आणि सायकलची घंटी वाजायची वाट पाहत उभ्या राहिल्या.

आवाज थांबला.

"आजी, ये गुड़ वाली चाय किसके लिए?" देवयानी ओट्याशी उभी होती. "पापा तो फीकी पीते हैं ना."

गोदावरीबाईंनी पेल्याकडे पाहिलं. श्यामरावांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं त्यांच्या घरात गुळाचा चहा झाला नव्हता.

"चहा आहे," त्या म्हणाल्या. "कोणाचा का असंना. तुले काय करायचं आहे?" आणि पेला ओट्यावर ठेवला.

तिकडे अच्युत डोकं खाजवत होता. "भैया, माइकनं खरखर पकडली. खालच्या आवाजाले ही भांडी थरथरतात. मांडणी आत नेऊन टाका, नाहीतर मी भांड्याभांड्याखाली फोमचे तुकडे घालतो. एकदम साफ येईल."

मुलगा आता जे म्हणेल ते गोदावरीबाईंना पाठ होतं. त्यांचा हात आपोआप पदराच्या गाठीकडे गेला. गुढियारी. उद्या कशाला, आजच.

रत्नाकर उठून मांडणीजवळ आला. त्याने गंजावर तळहात ठेवला, गरम आहे का पाहावं तसा.

"अच्युतभाऊ, तो खालचा आवाज पुन्हा लावा."

"माप तं झालं, भैया."

"मापासाठी नाही."

वूफर पुन्हा बोलायला लागला. गंज घुमला. रत्नाकर हळूच मांडणीखाली फरशीवर बसला, खांबाला पाठ लावून, आणि त्याचे डोळे मिटले.

"भरली आहे, आई," तो म्हणाला.

"कोळसा," त्या म्हणाल्या, विचार करायच्या आतच.

"इथंच झोपायचो ना मी? मांडणीखाली. डबे मोजत."

"चाळीसच्या पुढं कधी गेला नाहीस. अडतीसवर घोरायचास."

देवयानी वडिलांकडे पाहत होती, मग आजीकडे, आणि तीही काही न विचारता फरशीवर टेकली. गाडी त्यांच्या पायांखालून जात राहिली, डब्यामागून डबा, उन्हात, कुठेही पोचायची घाई नसलेली. गोदावरीबाईंनी पेला उचलला आणि मुलासमोर धरला.

"तुले साखर आहे. अर्धाच पी."

त्याने अर्धा प्यायला. उरलेला त्यांनी अच्युतसमोर ठेवला. "घ्या. तात्यापाऱ्यात असा भेटत नसन."

अच्युत चहा हातात घेऊन अजून आपल्या यंत्राकडेच पाहत होता. "मग मावशी, खरखर तशीच राहू देऊ?"

"खरखर काय म्हणतोस रे? गंज आहे तो. तुझ्या माइकले वजन कळत नाही, त्याले गंज काय करन?"

मग त्यांनी पदराची गाठ दातांनी सोडली. पंधरा दिवसांची घट्ट बसलेली, पटकन सुटेना. किल्ली निघाली, ती त्यांनी मांडणीच्या आकड्याला अडकवली, पळी आणि झारा यांच्या मधोमध.

"सोमवारी देजो त्या भाडेकरूले. तोवर राहू दे इथं."

रत्नाकरने वर पाहिलं. काही बोलायला गेला, तर त्यांनी हातानेच गप्प केलं आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या.

"अच्युत, आता रिकामी सोड."

"रिकामी म्हणजे, मावशी?"

"याच्याहून हलका आवाज लाव. झाकण्या बोलल्या पाहिजेत."

त्याने बटण फिरवलं. गंज गप्प झाला, झाकण्यांची बडबड सुरू झाली, आणि त्यांच्यात एक नवा बारीक आवाज मिसळला, पळीला टेकलेल्या किल्लीचा. गोदावरीबाई थोडा वेळ तो ऐकत होत्या. मग त्यांची मान कलली, आणि रिकामी गाडी अर्धी जायच्या आत त्या घोरायला लागल्या.