आधी लूप की आधी लिस्ट

आमच्या त्रेस्कोवोच्या कॉलेजात दोन दीडशहाणे आहेत. अख्ख्या बल्गेरियात असे सापडायचे नाहीत, आणि दोघांमधून विस्तव जात नाही. प्रोफेसर देन्कोव म्हणतात, प्रोग्रॅमिंगमध्ये आधी लूप शिकवायचा, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं. त्सोनेवाबाई म्हणतात, आधी लिस्ट, म्हणजे माहितीची यादी. नवशिक्यांचा ऑनलाइन कोर्स लावायचं काम पडलं माझ्या गळ्यात. ज्याला जेवढं येतं ते ओळखून कॉम्प्युटरच पुढचा धडा उघडणार. मी फक्त कुठल्या धड्याआधी कुठला पुरा हवा, ते भरायचं.

निकाल लागला डीनसाहेबांच्या नामदिनाच्या, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाच्या जेवणात. त्या दिवशी भांडायचं नसतं ना! साहेब चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा मोडत म्हणाले, "दोघांचंही राख, यांका. लूपआधी लिस्ट, लिस्टआधी लूप."

"साहेब, मग दोन्ही धडे कधीच पुरे होणार नाहीत!"

"अगं, पोरांना थोडंफार येतंच, सुरुवातीची चाचणी देऊन ती हे धडे ओलांडतात. सांगितलं तेवढं कर."

पोरं ओलांडून गेलीही. अडकली ती रुसान्काताई, अगदी पहिल्यापासून शिकणारी. ती कामाला होती तो शिवणकारखाना बंद पडलेला. कोर्सचा दाखला मिळाला तर इथेच पाणीपुरवठा कचेरीत नोकरी; नाही तर जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा, आणि लेक मिला बहिणीकडे. बिचारी रोज दोन्ही धडे सोडवायची, पैकीच्या पैकी गुण मिळवायची, आणि पडद्यावर रोज तेच: "तुमची तयारी अपुरी आहे. आधीचा धडा पूर्ण करा." तक्रार करेल तर शपथ! तिला वाटलं, आपलंच डोकं मठ्ठ.

तिचे गुण माझ्या नजरेस पडले तेव्हा कुठे अडकलंय ते उमगलं. तिथल्या तिथे फोन लावला.

"ताई, चूक तुमची नाही! घोळ आमच्या लोकांनी घातलाय. मी आत्ता दुरुस्त करते, उद्या दाखला देते."

"उद्या? अगं, मी बसमध्ये आहे. कालोतिनाला देशाची सीमा मागे गेली. कचेरीतली जागाही भरली शुक्रवारी." जरा थांबून म्हणाली, "मिलाला सांगून आलेय, तुझ्या आईच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून जातेय."

मी पडद्यावरचे तिचे गुण तिला वाचून दाखवले.

"म्हणजे मला येत होतं?"

"सगळं येत होतं, ताई."



"मग हे आता कशाला सांगितलंस गं मला?"