सांध्याखालचा फुटवा

मातीला टेकून माझ्या बुंध्यावर एक गाठ आहे. एका सकाळी त्या गाठीच्या जरा खाली काहीतरी हललं. मुंगी असेल, असं मी स्वतःला समजावलं. गांडूळ असेल. पण मुंगी झाली तरी चालून पुढे जाते. हे जे काही होतं ते तिथंच थांबलं आणि आतून ढुशा देत राहिलं.

तेव्हा जी दचकले, ती अजून सावरलेली नाही. मी पट्टेरी गुलाबाची वेल बोलतेय. माझं फूल पाहून लोकांना वाटतं, ही मोठी ठसकेबाज असणार. लाल पाकळीवर पांढरे फराटे, कुणी रंगाचा ब्रश झटकून गेल्यासारखे. पण ठसका सगळा फुलात. बाकी मी अशी, की फाटक वाजलं तरी देठापर्यंत शहारते. मांजर भिंतीवरून गेलं की वाटतं, आता उडी मारणार ती माझ्याच अंगावर.

या भित्रेपणाचं मूळ माझ्या जन्मात आहे. मी बीतून उगवले नाही. कलमं बांधणाऱ्या एका माणसानं पट्टेरी वेलीच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट उचलला. पान फुटतं तिथं नखाएवढा फुगवटा असतो ना, तो डोळा. मग त्यानं एका रानगुलाबाच्या खोडाला चीर दिली, डोळा तिच्यात बसवला आणि वरून पट्टी गुंडाळली. तो सांधा म्हणजेच ही माझी गाठ. तो डोळा म्हणजे मी. जाग आली तेव्हा अंग माझं होतं आणि पाय दुसऱ्याचे.

मी जरा तरारले, तसा त्या माणसानं रानगुलाबाचा शेंडा कचकन छाटून टाकला. माझ्यादेखत. "आता सगळा जोर हिला," असं म्हणून तो पुढच्या रोपाकडे वळलासुद्धा.

रानगुलाब खालून मुकाट पाणी पाठवत राहिला. मी पीत राहिले. एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणारी माणसं असतात, तसा आमचा संसार. पण ती कात्री मी विसरले नव्हते, आणि मग तो तरी कसा विसरेल, या विचारानं मला अधूनमधून कापरं भरायचं.

मला विकत घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं. तिची नणंद बरोबर होती. ती बोलण्यात चटपटीत, आणि झाडापाल्याशी तिचं देणंघेणं शून्य.

"वहिनी, तू फूल घेतेयस की ब्लाउजपीस?" ती म्हणाली. "पट्टे बघितले की हिचा हात गेलाच!"

"तू गप्प बस गं. असं फूल मी लग्नाआधी एकदाच पाहिलंय कुणाच्या तरी दारात. तेव्हापासून मनात होतं."

मीही त्या बाईला वहिनीच म्हणू लागले, मनातल्या मनात. घरामागे तिची चार पावलांची बाग होती. कपडे वाळत घालायची दोरी, धुणं धुवायचा दगड आणि एक उघडी भिंत. त्या भिंतीशी तिनं मला लावलं. शिवणातून उरलेल्या काठांच्या पट्ट्या काढून मला खिळ्यांना बांधलं, सैलसर, मापं घेताना टेप धरावा तशी. तिच्या बोटांची मला भीती वाटत नसे. साऱ्या जगात तेवढीच एक गोष्ट.

तिच्या नवऱ्याला मात्र तिथं स्कूटर उभी करायची होती.

"अगं, सरळ फरशी घालून टाकू. चिखल नाही, डास नाहीत."

"अहो, फुलू तर द्या तिला एकदा."

"बरं, हिवाळ्यापर्यंत वाट बघतो. नाही फुलली तर फरशी. मग रडायचं नाही."

"दादा, फरशी पट्टेरी आण," नणंद आतून ओरडली, "म्हणजे वहिनीला कळायचंसुद्धा नाही!"

सगळे हसले. वहिनीही हसली, पण त्या दिवसापासून ती रोज उठून माझ्यापाशी येऊ लागली आणि माझी बोटं मोजावीत तसे कोंब मोजू लागली. मला कळत होतं, मी फुलले तर आम्ही दोघी जिंकणार. नाही फुलले तर माझ्यावर सिमेंट पडणार. सिमेंट कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं. पण भिंतीच्या पलीकडे ते आहे आणि तिथं काही उगवत नाही, एवढं दिसत होतं.

त्याच दिवसांत ती ढुशी सुरू झाली.

गाठीखालून एक हिरवं टोक वर आलं. पाहता पाहता ते काठीएवढं झालं, गुळगुळीत, सरळसोट, एकही काटा नसलेलं. ते माझं नव्हतं. माझ्या पानाला पाच पाती, ती जाड, गडद. त्याच्या पानाला सात, ती पातळ आणि फिक्कट. रानगुलाबानं पुन्हा स्वतःचं डोकं वर काढलं होतं. आणि खालून येणारं पाणी माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच तिकडे वळू लागलं. कुंपणच शेत खाऊ लागलं तर शेतानं सांगायचं कुणाला?

वहिनीनं ती काठी पाहिली आणि टाळीच वाजवली.

"अहो, बघा बघा! कशी सुतात वाढलीय. एका आठवड्यात माझ्या खांद्याला आली!"

"आणि टोचतही नाही," नणंद हात फिरवत म्हणाली. "गुणाचं बाळ आहे. नाहीतर ही जुनी. जाता येता ओढणी धरते, कजाग कुठली."

ज्याला काटे नाहीत त्याला सगळे गुणाचं म्हणतात.

वहिनीचा हात शिवणाचा. सरळ तेवढं ठेवायचं, विरलेलं कापून टाकायचं, ही तिची जन्माची सवय. तिनं माझ्या पट्ट्या सोडल्या आणि त्याला बांधल्या. मी खाली लोंबले. माझी पानं पिवळी पडून गळू लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा तर पाठीशी नव्हता, पायाशीच होता. वारा आला की ती काठी माझ्या अंगावर घासायची आणि मला वाटायचं, तो कानाशी येऊन म्हणतोय, आता तुझी पाळी.

हाका मी मारल्या. वेलीच्या हाका कशा असतात? पान गळतं, ती एक हाक. शेंडा सुकतो, ती दुसरी. वहिनीनं दोन्ही ऐकल्या आणि म्हणाली, "म्हातारी झाली बिचारी." मग उरलासुरला जीव गोळा करून मी एका कोपऱ्यात एक कळी धरली. पण ती भिंतीकडे तोंड करून आली. माझं नशीबच तसलं.

आज सकाळी फाटक वाजलं. वहिनीचा नवरा फरशीचा नमुना घेऊन आला होता. हिवाळा दाराशी आलाय. वहिनीचा चेहरा उतरला.

"थांबा हो जरा. हे वाळलेलं काढून टाकते, म्हणजे नव्याला जोर येईल. फुलेल ते."

"आता सगळा जोर हिला" हे कधीकाळी माझ्यासाठी म्हटलं गेलं होतं. तेच आता माझ्याविरुद्ध. तिच्या हातात झाडांची कात्री होती. ती वाकली. गार पाती दोन्हीकडून मला लागली. कात्री लागलीय ती माझ्या एकुलत्या जिवंत फांदीला, हे तिला कसं कळावं?

मला ओरडता येत नाही. माझ्याजवळ आहे ते एकच. मी तिची बाही धरली. एका काट्यानं, मग दुसऱ्यानं.

"सोड गं!" ती हात ओढू लागली. मी आणखी घट्ट धरलं. इतकी धीट मी कधीच नव्हते. भीतीनंच धीट झाले होते.

"फाडशील ना बाही," नणंद हसत पुढे आली. "वहिनी, ती काहीतरी सांगतेय तुला. ऐकून तरी घे."

"तुला चेष्टाच सुचते."

बाही सोडवायला वहिनीला कात्री खाली ठेवावी लागली आणि तोंड अगदी जवळ आणावं लागलं. माझं एक पान तिच्या बोटांत आलं. शेजारी त्या काठीचं पान लोंबत होतं. ती थबकली. गिऱ्हाइकानं आणलेल्या दोन तुकड्यांची पारख करावी तशी तिनं दोन्ही पानं एकावर एक धरली, उलटून पाहिली, अंगठ्यानं चोळली.

"हे एका ताग्यातलं नाही," ती पुटपुटली.

"काय?"

"हा माल वेगळा आहे गं. बघ ना."

तिचं बोट काठीवरून खाली घसरत गेलं. खाली, आणखी खाली, मातीपर्यंत. तिनं नखानं माती बाजूला केली. गाठ उघडी पडली. गाठीच्या वर मी होते. ती काठी खालून आली होती. माझा सगळा जीव त्या बोटाखाली गोळा झाला.

तिनं बोटांवरची माती झटकली. मग तिनं दोन्ही हातांनी मला हळूच वर उचललं. भिंतीकडे वळलेली कळी तिच्याकडे फिरली. कळीच्या हिरव्या फटीतून लाल दिसत होतं, आणि त्या लालावर पांढरी रेघ.

"अगं बाई माझे," वहिनी मला म्हणाली, "इतके दिवस तू मला हाका मारत होतीस होय?"