ओळखीचे पाच कागद

त्या शुक्रवारी संध्याकाळी गुणाजी परबांनी चहाचा कप पुन्हा माझ्यावरच ठेवला. मित्रांनो, मी एक जुने, कागद लावून लिहायचे पॅड आहे, बशी नव्हे. पण डोंबिवलीच्या या घरात वीस वर्षांत ही गोष्ट कुणाला पटलेली नाही.

मला आणले होते रसिकाच्या दहावीच्या परीक्षेसाठी. परीक्षा संपली आणि तिच्या बाबांनी, म्हणजे गुणाजींनी, मला ताब्यात घेतले. गावातल्या व्याख्यानमालेत ते वक्त्यांची ओळख करून देत. छापील माहितीपत्रकावर त्यांचा विश्वास नसे. प्रत्येक वक्त्याला ते आधी फोन करत आणि तीन गोष्टी विचारत. नावाचा उच्चार नेमका कसा, मूळ गाव कोणते आणि तुमच्या कामाचे पहिले कौतुक कुणी केले? उत्तरे माझ्यावर ठेवलेल्या कागदावर लिहिली जात. लोक म्हणत, ओळख ऐकायला यावे तर गुणाजींची. आभारप्रदर्शनात सतरंज्या घालणाऱ्याचेही नाव येई, माझे कधीच नाही. उलट वीज गेली की माझाच पंखा करत. माझा चाप सैल झाला, तर त्यावर रबरबँड चढवले आणि मोकळे झाले.

एकदा तर कहर झाला. रसिकाने कॉलेजात असताना व्याख्यानमालेसाठी वेबसाइट बनवली. गुणाजींनी तिचे पहिले पान दुकानातून रंगीत छापून आणले, माझ्या चापात अडकवले आणि वर्षभर भेटेल त्याला दाखवले. भाजीवाल्यालासुद्धा. शेवटी रसिकाने तो कागद ओढून काढला. "बाबा, वेबसाइट कुणी छापतं का?" कागद फाटला. त्याचा एक कोपरा अजून माझ्या चापाखाली आहे.

आता रसिका ठाण्यात वेब डेव्हलपरांचे संमेलन भरवत होती. वक्ते पाच, त्यांतली पाचवी ती स्वतः. ओळख मीच करून देणार, असे गुणाजींनी परस्पर जाहीर केले आणि तिला नाही म्हणता आले नाही. तेव्हापासून घरात रोज वाद, त्या शुक्रवारीही.

"बाबा, तुम्ही सगळ्यांना फोन केलात? निशा विचारत होती, तुझ्या बाबांना माझं गाव कशाला हवंय."

"गाव विचारलं तर काय बिघडलं? मुलगी बघायला थोडाच चाललोय."

"प्रत्येकाला तीस सेकंद आहेत. नाव, कंपनी, विषय. बास."

"ते तर पडद्यावर दिसतंच. माणूस कुठे दिसतो?" गुणाजींनी पेनाचे टोपण काढले. "बरं, चार झाले. तुझाच कागद राहिलाय. सांग, तुझ्या कामाचं पहिलं कौतुक कुणी केलं?"

"बाबा, प्लीज. उद्या सांगते."

शनिवारी सकाळी गुणाजी उठलेच नाहीत. झोपेतच गेले, असे डॉक्टर म्हणाले.

घरी भेटायला माणसे येऊ लागली. ट्रे कमी पडले, तेव्हा कुणीतरी कागद खालच्या बाजूला करून माझ्यावर कप मांडले. त्या वेळी मात्र मी तक्रार केली नाही.

संमेलन दोन आठवड्यांवर आले होते. रसिकाचा सहकारी विनीत म्हणाला, की ओळखबिळख राहू दे, पडद्यावर फोटो आणि नावे दाखवू. ती हो म्हणाली. मग चहाचे डाग पुसून तिने मला उलटे केले आणि उभ्या उभ्या सगळे कागद वाचले. विनीतला फोन करून तिने सांगितले, की ओळखी मी वाचणार, वेळ वाढवून घे.

ठाण्यात माजिवड्याच्या सभागृहात मी पहिल्यांदाच तिच्या हातात व्यासपीठावर गेले. "निशा आंबिवलीच्या," तिने वाचले. "कमी दिसणाऱ्यांनाही वापरता येतील अशा वेबसाइट त्या बनवतात. त्यांचे पहिले कौतुक आजी हौसाबाईंनी केले. म्हणाल्या, यो बटन मना दिसला गो." सभागृह हसले. पहिल्या रांगेत निशा आधी हसली आणि मग तिने डोळे पुसले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा. चाप वेळेवर बदला, चहा बशीत ठेवा. आणि घरातल्या माणसाने काही विचारले, तर उत्तर उद्यावर टाकू नका. भरलेले कागद मला कधी जड झाले नाहीत. तो एक अपुरा कागद फार जड झाला.

कारण पाचव्या कागदावर गुणाजींच्या अक्षरात एवढेच होते: रसिका. उच्चार, ठाऊक. गाव, ठाऊक. पहिले कौतुक. त्यापुढे जागा मोकळी.

रसिका वाचत त्या जागेपर्यंत आली. तिचा अंगठा माझ्या चापाखालच्या फाटक्या कोपऱ्यावर होता. मग ती माइकवर म्हणाली, "माझ्या कामाचं पहिलं कौतुक माझ्या बाबांनी केलं. माझी वेबसाइट छापून, भाजीवाल्याला दाखवून. मी तेव्हा चिडले होते." तिने खाली कागदाकडे पाहिले. "बाबा, मला ते फार आवडलं होतं."